हात लावण्याचा अधिकार

नवी वस्तू बिघडली तर जाब कोणाला विचारावयाचा हे आपल्याला ठाऊक असते. घडवणाऱ्याचे नाव तिच्यावर असते आणि दुकानदाराची पावती आपल्या खिशात असते. परंतु वस्तू साठ-सत्तर वर्षांची झाली, तिचा कर्ता वारला, त्याचा कारखानाही मोडीत निघाला, म्हणजे तिची जबाबदारी कोणाकडे येते? ती होती तशीच जपून ठेवणे हे आपले कर्तव्य, की आजच्या गरजेप्रमाणे तिच्यात फेरफार करणे हे कर्तव्य? आणि फेरफार करावयाचाच, तर तिला हात लावण्याचा अधिकार कोणाला? वाडे, देवळे, सणवार, लग्नविधी, भाषेचे शुद्धलेखन, या साऱ्यांच्या बाबतीत आपण हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारीत आलो आहोत आणि त्यावरून यथेच्छ भांडतही आलो आहोत. मला मात्र या प्रश्नाचा थोडाफार उलगडा झाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. तो झाला जुन्या विमानांच्या चाकांपाशी.

हे ऐकून वाचकांना हसू येईल. मी एक शाळामास्तर. शाळेतून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विमानाचे यंत्रशास्त्र मी कोठून सांगणार? परंतु माझा एक जुना विद्यार्थी विमानांच्या देखभालीच्या कामात आहे. सुट्टीवर आला की तो संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतो आणि आपल्या कामाच्या गोष्टी सांगतो. त्याच्यामुळे मला या विषयाची गोडी लागली व मग मिळेल तेथून मी वाचीत गेलो. त्यात गणित फारसे नाही, ते मजजवळ नाहीच. माणसाच्या वागण्याशी संबंध असलेला भाग तेवढा येथे सांगतो.

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंख येतात. कवींनी गाइले ते पंखांना. विमान ज्यावर उभे राहते, ज्यावर धावते आणि ज्यावर पुन्हा जमिनीला टेकते ती चाके, त्यांचे आस आणि त्यांना धरून ठेवणारे पाय, यांची आठवण कोणी काढीत नाही. या सर्व जोडणीला तंत्रज्ञ लँडिंग गिअर म्हणतात. आपल्या पूर्वजांना मात्र चाकाचे मोल चांगले कळलेले होते. दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निखळली तेव्हा कैकेयीने तेथे आपला हात घातला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या एका खिळीपायी पुढचे सारे रामायण घडले. कर्णाचा पराक्रम कमी पडला नाही, त्याच्या रथाचे चाक जमिनीने गिळले. विमानांचा इतिहासही हेच सांगतो. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले तेव्हा त्याला चाके नव्हतीच. ते एका लाकडी रुळावरून सुटले आणि घसरपट्ट्यांवर उतरले. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ हा फ्रेंच गृहस्थ विमानातून इंग्लंडची खाडी ओलांडून डोव्हरला पोहोचला. जगाने जयजयकार केला तो खाडी ओलांडल्याचा. उतरताना त्याच्या विमानाची चाके व पंखा मोडला, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या ओळीपुरती येते.

विमान उतरते म्हणजे खरोखर काय होते? कित्येक मणांचे ओझे खाली येत असते आणि जमीन त्याला एका क्षणात अडवते. तो धक्का कोणीतरी सोसावयाचा असतो. जुन्या विमानांत तो सोसण्यासाठी कोठे पोलादी स्प्रिंग, कोठे तेल व हवा भरलेली नळी, तर कोठे नुसते रबराचे दोर असत. अमेरिकेत १९३८ ते १९४७ या काळात पायपर कब नावाची लहानशी विमाने हजारोंनी निघाली. त्यांतील कितीतरी आजही उडत आहेत. त्यांच्या पायांना असे रबरी दोर गुंडाळलेले असतात. विमान टेकले की पाय बाहेरच्या बाजूस फाकू पाहतात आणि दोर ताणले जाऊन त्यांना आवरतात.

या दोराची एक गंमत आहे. लोखंड वापराने झिजते. रबर मात्र नुसते पडून राहिले तरी म्हातारे होते. म्हणून दोरावर जे सुताचे विणलेले आवरण असते त्यात रंगीत धागे घातलेले असतात. दोर कोणत्या वर्षी व त्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत तयार झाला हे त्या धाग्यांच्या रंगावरून जाणत्याला कळते. पण हा दोर विमानावर बसवल्यावर त्याच्यावर पुन्हा एक आच्छादन येते. धाग्याचा रंग पाहावयाचा तर ते आच्छादन सोडले पाहिजे, गुडघे टेकून खाली वाकले पाहिजे. विमान बाहेरून चकचकीत दिसत असता हा खटाटोप करावा की नाही, हे त्या माणसाच्या मनावर असते. त्या क्षणी त्याच्याकडे कोणीही पाहत नसते.

पायांच्या पोलादी नळ्यांचेही तसेच. त्या बाहेरून गंजल्या तर दिसतात. आतून गंजल्या तर दिसत नाहीत. म्हणून जुने कारागीर नळीत कढत जवसाचे तेल ओतीत, ती सर्व बाजूंनी फिरवीत, उरलेले तेल निथळू देत आणि मग तोंड बंद करीत. विमानाच्या पोटात जवसाचे तेल आहे हे ऐकून मला आमच्या बैलगाडीच्या वंगणाच्या नळ्याची आठवण झाली. तेल एकदा आत गेले की ते घातले होते किंवा नाही हे पुढे वीस वर्षे कोणाला समजत नाही. ज्याने घातले त्याला तेवढे ठाऊक असते.

ही झाली जपणुकीची बाजू. आता फेरफाराकडे वळू. येथे मला टायगर मॉथ या इंग्रजी विमानाची हकीगत फार बोधप्रद वाटते. दोन पंखांची जोडी एकावर एक असलेले हे विमान १९३१ साली प्रथम उडाले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर शिकल्या, आपल्याकडेही शिकल्या. या विमानाला मुळात ब्रेक नव्हते आणि शेपटाखाली चाकही नव्हते. तेथे लोखंडी नाल मारलेला एक टेकू होता. त्याला स्किड म्हणतात. त्या काळी विमाने गवताच्या मैदानावर उतरत. टेकू गवतात रुते, विमानाचा वेग कमी करी आणि त्याला सरळ रेषेत ठेवी. थोडक्यात, तो टेकू म्हणजेच ब्रेक होता.

पुढे मैदाने गेली आणि डांबर-काँक्रीटच्या धावपट्ट्या आल्या. टेकू तेथे रुतेना. नुसता घासत जाई आणि झिजे. मग कोणी म्हणाले, शेपटाखाली चाक बसवा. चाक बसवले. पण चाक घसटत नाही, फिरते. तेव्हा विमान थांबेना. मग पुढच्या चाकांना ब्रेक हवेत. ब्रेक बसवले. पण जोराने ब्रेक दाबताच विमान नाकावर पडू पाहते, कारण वजन चाकांच्या पुढे झेपावते. मग पुढचे पायच आणखी पुढे न्यावयास हवेत. कॅनडात जी टायगर मॉथ विमाने बनली त्यांत हे सर्व बदल एकत्र केलेले होते: ब्रेक, शेपटाचे चाक आणि पुढे सरकवलेले पाय. आता पाय पुढे नेले म्हणजे शेपटावरचे वजन वाढते. आणि विमानाचा भार चाकांच्या जितका मागे, तितके ते जमिनीवर धावताना गर्रकन आडवे फिरण्याची ओढ अधिक. म्हणजे वैमानिकाच्या पायांना नवी सवय लावणे आले.

एका टेकूपासून निघालेली गोष्ट माणसाच्या सवयीपर्यंत येऊन पोहोचली! ही मालिका मी प्रथम ऐकली तेव्हा कितीतरी वेळ गप्प बसलो. मुलगी शिकली पाहिजे असे म्हणून आपण तिला शाळेत घातले आणि घरातले बाकीचे सारे जसेच्या तसे ठेवले, असे आमच्या कितीएक घरांत झाले. बदल करणे चूक नव्हते. तो एका जागी करून थांबणे चूक होते. घरात जुना टेकू काढला की त्याचे काम आता कोण करणार, हे त्याच दिवशी विचारले पाहिजे. टेकू कुरूप दिसतो, जुनाट दिसतो, एवढ्यावरून तो काढणाऱ्याला तो तेथे कशासाठी होता हे ठाऊक असतेच असे नाही.

येथे दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, जुन्या विमानाच्या खिळ्यालाही हात लावू नका. जे मूळचे आहे तेच खरे. दुसरा म्हणतो, विमान उडावयाचे तर त्याला आजचे सामान घाला. जुन्याचे कौतुक चित्रापुरते पुरे. आपल्याकडे आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढले तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, हे दोन पक्ष आपल्या परिचयाचे आहेत. मला वाटते, विमानाच्या चाकांपाशी दोघांनाही थोडे खाली वाकावे लागते.

मूळचे तेच खरे असे म्हणणाऱ्याला प्रथम मिलिंद राजाची आठवण करून द्यावीशी वाटते. पाली भाषेतील ‘मिलिंदपन्ह’ या ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला विचारतो, की रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? यांपैकी एकही रथ नाही. सर्वांच्या जोडणीला आपण रथ म्हणतो. नव्वद वर्षांच्या विमानाचे टायर बदललेले असतात, दोर बदललेले असतात, कापड तर कितीदा तरी नवे चढवलेले असते. मूळ विमान म्हणून ज्याची पूजा करावयाची ते पुष्कळसे आधीच्या कारागिरांनी बदललेले आहे. त्यांनी बदलले म्हणूनच ते आपल्यापर्यंत आले. आणि मूळचाच म्हणून एखादा दोर जपून ठेवला, तर तो मूळचा असूनही त्याच्यातला जीव गेलेला असतो.

पण दुसऱ्या पक्षानेही हुरळून जाऊ नये. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ एक टायगर मॉथ हवेतच मोडले. त्यातील वैमानिक आणि हौसेने फेरी मारावयास बसलेला प्रवासी, दोघेही गेले. चौकशीत आढळले, की विमानाच्या धडातून आडव्या जाणाऱ्या आणि पंखांची जोड धरून ठेवणाऱ्या दोन पोलादी सळया तुटल्या होत्या. सळईच्या आट्यांपाशी धातू थकून त्यात बारीक चिरा गेल्या होत्या. आणि या सळया जुन्या काळच्या नव्हत्या. मागाहून, रीतसर मान्यता घेऊन, बदली म्हणून बनवलेल्या होत्या. परंतु कागदावर त्यांचे जे आयुष्य लिहिलेले होते त्यापेक्षा त्यांचे खरे आयुष्य कमी होते. ही सळई चाकांची नव्हती हे खरे. पण चाकांचे सामान करणाऱ्यालाही यातून धडा घेता येईल. नवे म्हणून भक्कम आणि शिक्का आहे म्हणून निर्धास्त, ही समजूत जुन्याच्या भाबड्या भक्तीइतकीच भाबडी आहे.

आणि बदल नेहमी सुरक्षिततेसाठीच होतो असेही नाही. पुष्कळदा तो शोभेसाठी होतो. जुन्या विमानाच्या मालकाला वाटते, चाकांचे पाय आणि बोल्ट आरशासारखे चमकले पाहिजेत. म्हणून तो त्यांना क्रोमचा मुलामा देववितो. परंतु फार कणखर जातीच्या पोलादाला असा मुलामा देताना त्याच्या अंगात हायड्रोजन वायू शिरतो आणि ते काचेसारखे ठिसूळ बनते. मुलाम्यानंतर ते लवकरच भट्टीत ठरावीक काळ तापवून तो वायू बाहेर काढावा लागतो. हे न जाणणाऱ्याने दिलेला मुलामा दिसतो फार देखणा. आणि एके दिवशी, काहीही पूर्वसूचना न देता, बोल्ट तुटतो. जाड रंगाचेही तेच. नळीला चीर गेली तर पातळ रंगातून ती डोळ्यांना दिसते. जाड थराखाली ती झाकून जाते. दिवाळीपूर्वी आपण घराला रंग काढतो. भिंतीची भेग आधी भरतो, की तिच्यावरून कुंचला फिरवतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे!

तर मग करावे काय? येथे मला इंग्लंडमधील ओल्ड वॉर्डन या गावाचे उदाहरण मोठे सुंदर वाटते. तेथे शटलवर्थ संग्रह म्हणून जुन्या विमानांचा एक संग्रह आहे आणि त्यातील विमाने उडती ठेवलेली आहेत. त्यांत १९०९ सालचे एक ब्लेरिओ आहे; ज्याने खाडी ओलांडली त्याच जातीचे. त्याचे पाय आणि त्याचे इंजिन आजच्या अपेक्षांना पुरे पडणार नाही हे सांभाळणारे जाणतात. म्हणून काय ते त्याला नवे पाय लावतात? नाही. ते त्याला काचेच्या कपाटातही बंद करून ठेवीत नाहीत. वारा अगदी पडलेला असेल अशी वेळ पाहून ते विमान गवतावरून धावते, जमिनीपासून थोडे वर उठते, सरळ जाते आणि पुन्हा टेकते. एवढीच उडी.

या एवढ्याशा उडीत मला तिसरा मार्ग दिसतो. वस्तू बदलावयाची नसेल तर तिच्याकडून असलेली आपली अपेक्षा बदलावी. वृद्ध वडिलांना आपण बाजारातून धान्याचे पोते आणावयास सांगत नाही. पण म्हणून त्यांना खाटेवर बसवूनही ठेवीत नाही. सकाळी पारापर्यंत फिरून येण्याइतके त्यांचे पाय त्यांचे असतात. मात्र या मार्गाला किंमत पडते. वारा असेल त्या दिवशी, दुरून आलेले लोक निराश झाले तरी, उडी नाही असे सांगण्याचे धैर्य लागते.

आता राहिला अधिकाराचा प्रश्न. माझ्या विद्यार्थ्याला मी एकदा विचारले, ‘‘अरे, बदल बरोबर झाला हे तू ओळखतोस कसे? त्या विमानात स्वतः बसशील का, हीच ना तुझी कसोटी?’’

तो म्हणाला, ‘‘नाही सर. मी बसेनही. धाडसी माणूस कशातही बसतो. माझ्यानंतर जो बसणार आहे त्याला यातले काहीच माहीत नसते.’’

माझ्या मनात आजवर असलेली कसोटी त्याने सहज मोडून टाकली. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क माणसाला असेल. पण जुने विमान एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. दहा वर्षांनी कोणीतरी आपल्या पुतण्याला त्यात बसवून फिरवावयास नेईल. त्या मुलाने आपल्याला कधी पाहिलेले नाही, आपले नावही ऐकलेले नाही. तरी त्याचा सारा भरवसा आपल्यावर असतो. ज्याला नकार देता येत नाही, कारण त्याला प्रश्नच विचारलेला नाही, अशा माणसाच्या वतीने आपण निर्णय घेत असतो. म्हणूनच या कामात नोंदवही असते. काय काढले, काय घातले, कोणत्या मंजुरीने घातले, हे तिच्यात तारखेनिशी लिहावे लागते आणि खाली सही करावी लागते. मला वाटते, हात लावण्याचा अधिकार हा त्या सहीतून येतो. मूळ कर्त्याने असे का केले होते हे मी समजून घेतले, माझ्या बदलाचा भार पुढे कोणाकोणावर पडेल ते पाहिले, आणि पुढे मागे कोणी विचारले तर उत्तर देण्यास मी बांधलेला आहे, असे ती सही सांगते. आपल्या समाजात जुने मोडणारे आणि जुने राखणारे पुष्कळ आहेत. पण आपल्या कृतीखाली सही करण्यास तयार असलेले किती?

त्या रबरी दोराच्या विमानांवर पुढे एक बदल निघाला. दोरांच्या जोडीला पोलादी तारांचा एक दोर बांधावयाचा. रोजच्या उतरण्यात तो काहीच करीत नाही, सैल असतो. ज्या दिवशी रबर तुटेल त्या दिवशी तो ताणला जाईल आणि पाय फाकून विमान पोटावर बसणार नाही एवढेच पाहील. मूळ रचनेचे तो काही हिरावून घेत नाही. कदाचित विमानाच्या साऱ्या आयुष्यात त्याच्यावर एकदाही भार येणार नाही. तरी दर तपासणीला त्याचीही गाठ पाहावी लागते. उत्तम सुधारणा कशी असावी याचा इतका साधा नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

आपल्या मुंबईची एक गोष्ट सांगून थांबतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांचे विमान पस मॉथ जातीचे होते. त्याच्या चाकांच्या पायांवर जी आवरणे होती ती वैमानिकाला आडवी फिरवता येत. म्हणजे वारा अडून वेग कमी होई. पाय उतरण्यापूर्वीच ब्रेकचे काम करीत! पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचे. तेव्हा विमाने पुण्याला उतरत. बरोबर पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी तसाच प्रवास लेपर्ड मॉथ या तितक्याच जुन्या घाटणीच्या विमानातून पुन्हा केला आणि ते जुहूला सुखरूप टेकले. त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्या विमानाची चाके त्या दिवसापूर्वी कोणीतरी सोडली असतील, आस पुसून पाहिले असतील, वंगण भरले असेल, खिळी पुन्हा बसवल्या असतील आणि वहीत सही केली असेल. विमान टेकले तेव्हा तो माणूस कोठेतरी बाजूला उभा असेल. त्याचे लक्ष वैमानिकाकडे नसावे, चाकांकडे असावे, असे मला वाटते.